ट्रॅकसाठी मियाटाची व्हील अलाइनमेंट : ओळंबा, तंगूस आणि पोलादी पट्टी घेऊन घरच्या गॅरेजमध्ये

ट्रॅकवर दोन दिवस चालवून आणलेल्या गाडीचा पुढचा टायर नीट पाहिला, तर बहुतेक वेळा बाहेरची कड घासून गोल झालेली आणि तिच्यावरचे रबर सोललेले दिसते, तर आतल्या बाजूच्या खाचा जवळजवळ नव्यासारख्या राहिलेल्या असतात. टायर चांगला असतो, त्यातले रबरही मऊ असते, पण वळणावर त्याचा अर्धाच भाग रस्त्याला टेकत असतो. कारखान्याने ठरवलेली अलाइनमेंट, म्हणजे चाके कोणत्या कोनांत बसवायची ती मांडणी, महामार्गावर सरळ आणि निर्धोक चालण्यासाठी, टायर वर्षानुवर्षे टिकावेत यासाठी असते, आणि त्या कामासाठी ती योग्यच असते. ट्रॅकवर गाडीकडून मागणी वेगळी असते, म्हणून चाकांचे कोनही वेगळे लागतात.

हा लेख मी माझदा एमएक्स-५ म्हणजेच मियाटाच्या पहिल्या दोन पिढ्या समोर ठेवून लिहिला आहे. १९८९ ते २००५ या काळात तयार झालेली ही साधारण एक हजार किलोची, मागच्या चाकांवर चालणारी दोन आसनी गाडी आहे. मी कॅलिफोर्नियात राहतो आणि इथल्या लॅगुना सेका सर्किटवर कोणत्याही हौशी चालकांच्या दिवशी गेले तरी पिटमध्ये मियाटांची रांग दिसते. किंमत आणि वजन ही त्यामागची कारणे आहेतच, पण अलाइनमेंटच्या दृष्टीने महत्त्वाचे कारण असे की या गाडीच्या चारही चाकांना डबल विशबोन सस्पेन्शन आहे, म्हणजे प्रत्येक चाक वर एक आणि खाली एक अशा दोन आर्मनी (दांड्यांनी) गाडीला जोडलेले आहे, आणि चारही खालच्या आर्मना जोडणीच्या जागी कॅम बोल्ट, म्हणजे मध्यापासून सरकलेली चकती असलेले, फिरवले की आर्म आत-बाहेर सरकवणारे बोल्ट, दिलेले आहेत. त्यामुळे एकही नवा भाग विकत न घेता पुढचा कॅम्बर, कॅस्टर आणि टो, तसेच मागचा कॅम्बर आणि टो हे सारे कोन साध्या पान्याने बदलता येतात.

तीन कोन आणि त्यांचे काम

चाकाकडे समोरून पाहिल्यावर त्याचा वरचा भाग गाडीच्या आत झुकलेला असेल, तर त्याला निगेटिव्ह कॅम्बर म्हणतात. वळणावर गाडीचे अंग बाहेरच्या बाजूला कलते आणि त्याबरोबर बाहेरचे चाकही कलून आपल्या बाहेरच्या कडेवर उभे राहू लागते. डबल विशबोनमध्ये सस्पेन्शन दबले की चाक थोडे आत झुकते, पण अंगाच्या कलण्याची पूर्ण भरपाई त्यातून होत नाही, आणि टायरची भिंतही दाबाखाली वाकते ती वेगळीच. म्हणून चाक उभ्या गाडीतच आत झुकवून ठेवायचे, म्हणजे भर वळणात ते रस्त्यावर सपाट येते. मात्र हा कोन अति झाला तर सरळ रेषेत जोराने ब्रेक लावताना टायर फक्त आतल्या कडेवर टेकतो आणि चाक लवकर लॉक होते.

वरून पाहिल्यावर डाव्या-उजव्या चाकांची पुढची टोके एकमेकांकडे वळलेली असली तर टो-इन आणि एकमेकांपासून दूर वळलेली असली तर टो-आउट. पुढच्या चाकांना किंचित टो-आउट दिला की गाडी वळणात चटकन शिरते, आणि मागच्या चाकांना किंचित टो-इन दिला की ब्रेक लावताना व वळणातून बाहेर पडताना मागचा भाग शांत राहतो. टायर सर्वांत वेगाने खाणारा कोनही हाच आहे. ४०० मि.मी. व्यासाच्या रिमच्या पुढच्या आणि मागच्या कडेत १ मि.मी. फरक, म्हणजेच १ मि.मी. टो, असला की चाक रस्त्याशी इतके तिरके असते की प्रत्येक किलोमीटरमागे ते जवळजवळ अडीच मीटर आडवे घासले जाते. नुसत्या कॅम्बरमुळे टायर झिजतात ही समजूत सर्वत्र आहे, पण माझ्या अनुभवात दोष बहुतेक वेळा दुर्लक्षित टोचाच निघाला आहे.

कॅस्टर हा स्टीअरिंगच्या अक्षाचा मागे झुकलेला कोन आहे. तो वाढवला की वेगात स्टीअरिंग आपोआप मध्यावर येण्याची ओढ वाढते, आणि स्टीअरिंग वळवल्यावर बाहेरच्या चाकाला आणखी थोडा निगेटिव्ह कॅम्बर मिळतो. मियाटात तो साधारण पाच अंशांच्या आसपास ठेवता येतो. दोन्ही बाजूंचा कॅस्टर सारखा असणे हे मोठ्या आकड्यापेक्षा महत्त्वाचे आहे.

पाना हातात घेण्यापूर्वी

झिजलेला बॉल जॉइंट (आर्म आणि चाक जोडणारा गोल सांधा), आर्मच्या सांध्यातले फाटलेले रबरी बुश, ढिले व्हील बेअरिंग किंवा खेळणारा टाय रॉड (स्टीअरिंगपासून चाकाला वळवणारा दांडा) यांपैकी काहीही असेल, तर अलाइनमेंट करणे व्यर्थ आहे, कारण मोजलेला कोन पहिल्याच वळणावर बदलेल. गाडी जॅक स्टँडवर घेऊन प्रत्येक चाक वर-खाली आणि डावी-उजवीकडे हलवून पाहा. गाडी नुसत्या जॅकवर असताना तिच्याखाली कधीही जाऊ नका. गाडी खाली करायची असेल, कॉइलओव्हर (उंची बदलता येणारे स्प्रिंग-शॉक) बसवायचे असतील किंवा अँटी-रोल बार (वळणावर गाडीचे कलणे कमी करणारा दांडा) बदलायचा असेल, तर ते आधी उरका, कारण उंची बदलली की सगळे कोन बदलतात.

वीस-तीस वर्षे जुन्या गाडीत कॅम बोल्ट बुशच्या आतल्या धातूच्या नळीत गंजून चिकटलेले असण्याची शक्यता मोठी असते. त्यांच्यावर आदल्या दिवशीच गंज सोडवणारे तेल मारून ठेवा. नट सैल झाला, पण बोल्ट फिरवताना त्याच्याबरोबर रबरही पीळ घेत आहे असे दिसले, तर तिथेच थांबा. जोर लावल्यास बुश फाटतो किंवा कॅमची चकती वाकते, आणि शेवटी बोल्ट कापूनच काढावा लागतो. तसा प्रसंग येणार असेल तर नवे बोल्ट आणि बुश घरात आणून ठेवल्यावरच तो भाग उघडावा. बोल्ट मोकळे फिरत असतील तर प्रत्येक कॅमची सध्याची जागा रंगाच्या पेनाने खूण करून ठेवा आणि सुरुवातीचे सगळे कोन मोजून वहीत लिहा, कारण पुढे काही बिघडले तर परत फिरण्याची वाट तीच असते.

त्यानंतर गाडी ट्रॅकवर जशी असेल तशी करायची. टाकीत इंधन साधारण अर्धे, टायरमधली हवा चारही बाजूंना ठरल्याप्रमाणे, आणि चालकाच्या आसनावर चालकाइतके वजन. एक हजार किलोच्या गाडीत सत्तर-पंच्याहत्तर किलोचा माणूस एका बाजूला बसला की त्या बाजूची उंची आणि कॅम्बर दोन्ही हलतात. इथे पाणी मऊ करण्यासाठी लागणाऱ्या मिठाच्या चाळीस पौंडी पिशव्या मिळतात. त्यांतल्या चार पिशव्या म्हणजे साधारण साडेबहात्तर किलो होतात, आणि मी त्याच वापरतो.

जमीन सपाट करणे

गॅरेजची फरशी डोळ्यांना सपाट दिसते, पण ती बहुधा दरवाजाकडे उतरती असते. मियाटाच्या दोन पुढच्या चाकांमधले अंतर साधारण १४१० मि.मी. आहे, त्यामुळे डाव्या-उजव्या जागेत केवळ ५ मि.मी. फरक असला तरी कॅम्बरमध्ये ०.२ अंशाची चूक शिरते, आणि ती एका चाकात अधिक तर दुसऱ्यात उणे अशी असल्याने दोन चाकांतला खोटा फरक ०.४ अंशाचा दिसतो. आपल्याकडे गवंडी पाण्याने भरलेली पारदर्शक नळी घेऊन पातळी काढतात, तीच रीत इथे सर्वांत भरवशाची आहे. चारही चाकांच्या जागा खडूने आखा, नळीने त्यांची पातळी घ्या आणि खोलगट जागी पातळ व्हायनिल फरशीचे तुकडे ठेवून त्या समान करा. हे काम एकदाच करावे लागते. तुकड्यांवर क्रमांक घालून ठेवले की पुढच्या वेळी ते पाच मिनिटांत मांडता येतात.

प्रत्येक चाकाखाली दोन गुळगुळीत पत्रे एकावर एक ठेवून मध्ये ग्रीस लावायचे. जॅकवरून खाली येताना चाके आत ओढलेली राहतात आणि टायरची पकड त्यांना पूर्ण बाहेर पसरू देत नाही. पत्र्यांवर ती मोकळेपणाने सरकून आपल्या नैसर्गिक जागी येतात. पत्रे नसतील तर प्रत्येक बदलानंतर गाडी काही मीटर मागे-पुढे ढकलून चारही कोपऱ्यांवर दाबून हलवावी लागते. हे टाळून घेतलेले माप विश्वासार्ह नसते.

दोऱ्यांची चौकट

टो मोजण्यासाठी गाडीच्या दोन्ही बाजूंना तिच्या मध्यरेषेला समांतर अशा दोन रेषा लागतात. त्यासाठी मी मासेमारीची तंगूस वापरतो, कारण ती ताणली की अगदी सरळ राहते आणि सुतळीसारखी फुगत नाही. गाडीच्या रुंदीपेक्षा लांब असे दोन पाइप घेऊन दोन्हींवर अगदी समान अंतरावर खाचा करा, एक पाइप गाडीच्या पुढे आणि एक मागे स्टँडवर ठेवा, आणि खाचांमधून दोन्ही बाजूंना चाकाच्या मध्याच्या उंचीवर तंगूस ताणा. खाचांमधले अंतर दोन्ही पाइपांवर सारखे असल्यामुळे दोन्ही दोऱ्या एकमेकींना समांतर असतातच; आता त्या गाडीलाही समांतर करायच्या आहेत. पुढच्या डाव्या हबच्या (चाकाच्या तुंब्याच्या) मध्यापासून दोरीपर्यंतचे अंतर पुढच्या उजव्या अंतराइतके करा, मग मागच्या दोन चाकांचेही तसेच करा, आणि दोन्ही जोड्या एकाच वेळी जुळेपर्यंत पाइप किंचित डावी-उजवीकडे सरकवत राहा. मियाटात मागच्या चाकांमधले अंतर पुढच्यापेक्षा थोडे जास्त असल्यामुळे पुढचे आणि मागचे माप एकमेकांशी जुळणार नाही, आणि ते जुळवण्याचा प्रयत्नही करू नये; जुळायला हवे ते फक्त डावे आणि उजवे.

आता पोलादी पट्टीने दोरीपासून रिमच्या पुढच्या कडेपर्यंतचे आणि मागच्या कडेपर्यंतचे अंतर अर्ध्या मि.मी.पर्यंत मोजा. पुढचे अंतर जास्त असेल तर चाकाला टो-इन आहे, कमी असेल तर टो-आउट. रिम किंचित वाकलेली असल्यास ही मापे चुकतात, म्हणून गाडी चाकाच्या अर्ध्या फेऱ्याइतकी ढकलून, दोऱ्या पुन्हा जुळवून, दुसऱ्यांदा मोजून सरासरी घ्या. एकदा दोऱ्या लागल्या की त्यांना पायाने धक्का लावू नका, आणि लागलाच तर हबपासूनची चारही मापे पुन्हा तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका.

कॅम्बरसाठी चुंबक असलेला डिजिटल कोनमापक स्वस्तात मिळतो. रिमच्या वरच्या आणि खालच्या कडेला टेकणारी सरळ ॲल्युमिनिअमची पट्टी धरून त्यावर तो लावायचा. तो नसेल तर ओळंबा पुरेसा आहे. चाकाशेजारी ओळंबा सोडून त्याच्या दोरीपासून रिमच्या वरच्या व खालच्या कडेचे अंतर मोजा. कडांमधली उंची ४०० मि.मी. असेल तर एक अंश म्हणजे साधारण ७ मि.मी. आणि अडीच अंश म्हणजे १७.५ मि.मी. फरक. कॅस्टर मोजण्यासाठी चाक आधी एका बाजूला वीस अंश आणि मग दुसऱ्या बाजूला वीस अंश वळवून दोन्ही वेळचा कॅम्बर घ्या. त्यांतल्या फरकाला दीडने गुणले की कॅस्टरचा जवळचा आकडा मिळतो.

प्रत्यक्ष बदल : आधी मागे, मग पुढे

मागची चाके गाडीला ज्या दिशेने ढकलतात त्या दिशेशी पुढची चाके जुळवायची असतात, म्हणून सुरुवात मागून करायची. मागच्या प्रत्येक खालच्या आर्मला आतल्या बाजूला दोन कॅम आहेत. दोन्ही सारखे बाहेर सरकवले की चाकाचा खालचा भाग बाहेर जातो आणि निगेटिव्ह कॅम्बर वाढतो. पुढचा कॅम आत आणि मागचा बाहेर घेतला की आर्मबरोबर चाकही वळून टो-इन वाढतो. म्हणून आधी दोन्ही कॅम एकत्र फिरवून कॅम्बर आणायचा, मग उलटसुलट अगदी थोडे फिरवून टो साधायचा, आणि कॅम्बर पुन्हा तपासायचा. दोन-तीन फेऱ्यांत आकडे स्थिरावतात. रस्त्यावरून ट्रॅकवर चालवत नेल्या जाणाऱ्या, थोड्या खाली घेतलेल्या गाडीसाठी मी मागे दोन अंश निगेटिव्ह कॅम्बर आणि प्रत्येक चाकाला साधारण १ मि.मी. टो-इन ठेवतो. मागे टो-आउट कधीही ठेवू नये. वेगात ॲक्सिलरेटर सोडल्याबरोबर अशा गाडीचा मागचा भाग निसटतो.

पुढे एक तडजोड करावी लागते. पुढच्या आर्मचे दोन्ही कॅम बाहेर घेतले की कॅम्बर वाढतो, तर पुढचा आत आणि मागचा बाहेर घेतला की खालचा बॉल जॉइंट पुढे सरकून कॅस्टर वाढतो. दोन्हींसाठी एकाच कॅमचा फेर वापरला जात असल्याने एकाचा कमाल आकडा दुसऱ्याला कमी करतो. अशा वेळी मी निःसंकोच कॅम्बरला प्राधान्य देतो आणि कॅस्टर दोन्ही बाजूंना समान राहील तेवढाच घेतो. अडीच अंश निगेटिव्ह कॅम्बर हे सुरुवातीचे चांगले लक्ष्य आहे. मूळ उंचीच्या गाडीत तेवढा मिळत नाही, आणि त्यापुढे जायचे असेल तर लांब दांड्याचे खालचे बॉल जॉइंट किंवा मध्यापासून सरकवलेले वरच्या आर्मचे बुश बसवावे लागतात.

पुढचा टो सर्वांत शेवटी, कारण कॅम्बर व कॅस्टर हलले की तोही हलतोच. स्टीअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून फेरे मोजा, बरोबर मध्यावर आणा आणि तिथे घट्ट बांधून ठेवा. दोन्ही टाय रॉडचे लॉक नट सैल करा, टाय रॉडवरच्या रबरी बूटची (आवरणाची) पकड सोडा म्हणजे बूटला पीळ बसणार नाही, आणि दोन्ही बाजू पाव-पाव फेऱ्याने फिरवत प्रत्येक चाकाचा टो शून्यावर आणा. ज्यांना वळणात अधिक तत्पर गाडी हवी असेल त्यांनी प्रत्येक चाकाला अर्धा मि.मी. टो-आउट देऊन पाहावा. पण जी गाडी घरीही चालवत न्यायची आहे तिला शून्यच बरा.

शेवटचा टप्पा मी स्वतः एकदा चुकवला आहे, म्हणून तो जरा सविस्तर सांगतो. या गाडीच्या रबरी बुशांचे रबर आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटलेले असते. बोल्ट कसला की ते त्याच स्थितीत अडकते आणि पुढे पीळ घेऊनच हलते. गाडी जॅक स्टँडवर, चाके लोंबत असताना मी नट पूर्ण कसले आणि गाडी खाली घेतली. ती आपल्या मूळ उंचीपेक्षा वर उभी राहिली, आणि दिवसभर मेहनतीने जुळवलेले सगळे आकडे चुकले. तेव्हापासून गाडी चाकांवर, पूर्ण वजनाखाली असतानाच नट सर्व्हिस मॅन्युअलमधल्या मापाप्रमाणे टॉर्क पान्याने कसतो. यासाठी चाके रॅम्पवर किंवा लाकडाच्या भक्कम ठोकळ्यांवर घ्यावी लागतात, पण त्याला पर्याय नाही. कसताना कॅम हलू नये म्हणून बोल्टचे डोके दुसऱ्या पान्याने धरून ठेवा, कसून झाल्यावर चारही चाके पुन्हा एकदा मोजा, आणि प्रत्येक कॅमवर रंगाची नवी खूण करा.

टायर काय सांगतो

वरचे सगळे आकडे ही केवळ सुरुवात आहे. तुमचा टायर, तुमच्या स्प्रिंग आणि तुमची चालवण्याची पद्धत यांना कोणते आकडे जुळतात हे टायरचे तापमानच सांगते. त्यासाठी रबरात टोचायची सुई असलेले तापमापक हवे. दुरून किरणांनी मोजणारे यंत्र फक्त वरचा थर मोजते आणि तो काही सेकंदांत थंड होतो. गाडी थंड करण्याची संथ फेरी न घेता सरळ पिटमध्ये या आणि पहिल्या मिनिटभरातच प्रत्येक टायरची आतली कड, मध्य आणि बाहेरची कड अशी तीन मापे एका मदतनीसाकडून लिहून घ्या. आतली कड बाहेरच्यापेक्षा पाच ते दहा अंश सेल्सिअसने गरम असेल तर कॅम्बर योग्य जागी आहे. बाहेरची कड अधिक गरम असेल तर कॅम्बर वाढवायला हवा. आतली त्याहून फार गरम असेल तर कमी करायला हवा. मध्यच सर्वांत गरम असेल तर दोष कोनाचा नसून हवा जास्त आहे.

ही मापे वाचताना सर्किटची दिशाही लक्षात ठेवावी. लॅगुना सेकाची ३.६ किलोमीटरची, अकरा वळणांची फेरी घड्याळाच्या उलट दिशेने आहे, डावी वळणे अधिक आहेत, त्यामुळे उजव्या बाजूचे टायर सतत जास्त तापतात. त्यावरून उजव्या चाकाचा कॅम्बर वेगळा करण्याचा मोह होतो, पण जी गाडी इतर सर्किटांवर आणि रस्त्यावरही चालते तिला दोन्ही बाजू समान ठेवणेच मला पटते. एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि प्रत्येक बदलासमोर तारीख, हवामान, हवेचा दाब व तापमाने लिहा. भर वळणात पुढचा भाग बाहेर ओढला जात असेल तर पुढचा कॅम्बर पाव अंशाने वाढवा. ब्रेक लावताना मागचा भाग डोलत असेल तर कॅम्बरला हात न लावता मागचा टो-इन तपासा.

भारतात श्रीपेरुंबुदूरजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर किंवा कोइंबतूरच्या करी स्पीडवेवर आपली हॅचबॅक नेणाऱ्या मित्रांनी एक फरक ध्यानात घ्यावा. त्या गाड्यांत पुढे बहुधा मॅकफर्सन स्ट्रट (वरच्या आर्मऐवजी शॉकच्याच उभ्या नळीवर चाक धरणारी रचना) आणि मागे टॉर्शन बीम (दोन्ही चाके जोडणारा एकच आडवा तुळईसारखा भाग) असतो, त्यामुळे कारखान्यातून बदलता येतो तो फक्त पुढचा टो. कॅम्बरसाठी स्ट्रटला कॅम्बर बोल्ट किंवा वरच्या बाजूला कॅम्बर प्लेट बसवावी लागते. पण पातळी काढण्याची, दोऱ्या लावण्याची आणि टायरचे तापमान वाचण्याची रीत हीच राहते.

पहिल्या सत्रानंतर गाडी पिटमध्ये आली की तापमान घेऊन झाल्यावर वाकून प्रत्येक कॅमवरची रंगाची नवी खूण तपासा. कर्बवर, म्हणजे ट्रॅकच्या कडेच्या उंचवट्यावर, चाक जोरात आपटले तर कसलेला कॅमही सरकू शकतो, आणि खूण तुटलेली दिसली तर ते चाक पुन्हा मोजल्याशिवाय गाडी ट्रॅकवर नेऊ नका.